उंबरदऱ्याच्या तळ्यातला साक्षी

आमच्या तळ्यातला मातीचा खांब दरसाल वाढतो, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, पण एकानंही ते खरं मानलेलं नाही. कॉलेजची पोरं गळ्यात दुर्बिणी घालून पाखरं बघायला येतात, ती तोंडावर हात ठेवून हसतात. मागं एक साहेब आले होते. म्हणाले, "बाई, माती पाण्यात विरघळते, वाढत नाही." मी चौथी शिकले आहे, पण माती विरघळते हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही. मी म्हटलं, "विरघळते ना, मग हा उभा कसा?" तर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गाडीत जाऊन बसले.

म्हणून आता लिहूनच काढते. वाचून हसायचं त्यानं घरी जाऊन हसावं.

उंबरदऱ्याला यायचं तर डांबरी सडक सोडून तळ्याच्या पाळीवरून यावं लागतं. पाळ दगडामातीची, वरून बैलगाडी जाईल एवढी रुंद. डाव्या हाताला तळं. तळ्यात, पाळीकडं जरा सरकून, हा खांब उभा आहे. बुडाशी रुंद, वर निमुळता, माथ्यावर हराळीचं गवत. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळला की त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. तळं भरलं की नुसता माथा दिसतो, एखादी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात उभी असावी तसा.

उजव्या हाताला टेकडी, आणि टेकडीवर आमच्या गावदेवीचं ठाण. देवीचं नाव उंबराई. देऊळ लहानच आहे, पण नवा माणूस तिथं गेला की हमखास चुकतो. पायऱ्या चढून समोर जातो तर समोर भिंत. मग वळसा घालून पलीकडं जावं लागतं, कारण आमची उंबराई गावाकडं आणि तळ्याकडं पाठ करून बसली आहे. आसपासच्या कुठल्या गावची देवी अशी बसलेली नाही. पाहुणे विचारतात, देवी रुसली का? रुसली असती तर समजूत घातली असती. गोष्ट निराळी आहे, आणि ती या खांबापासूनच सुरू होते.

ही गोष्ट माझ्या आजेसासूनं मला सांगितली. तिला तिच्या आजेसासूनं सांगितली होती. सुनांच्याच तोंडून आलेली आहे, त्यामुळं कुणी स्वतःच्या आज्यापणज्याची बढाई त्यात घातलेली नाही.

असं सांगतात, की तेव्हा राज्य गोऱ्या साहेबाचं होतं आणि पाऊस लागोपाठ गेला होता. आधी पेरलेलं गेलं, मग पेरायचं बी खाण्यात गेलं. लोकांनी बरबड्याचं बी दळून खाल्लं, निवडुंगाची बोंडं खाल्ली, तरवडाचा पाला उकडून खाल्ला. दावणीला बसलेली जनावरं पुन्हा उठली नाहीत. माणसं गाव सोडून निघाली, ती वाटेत कुठं बसली आणि कुठं संपली याचा पत्ता लागला नाही. तेव्हा सरकारनं दुष्काळी काम काढलं. उंबरदऱ्याच्या ओढ्याला पाळ घालायची आणि तळं करायचं. येईल त्याला काम आणि खणेल त्याला संध्याकाळी दाणे. आसपासच्या खेड्यांतली होती नव्हती ती सगळी माणसं इथं येऊन पडली. पाळीच्या कडेनं पालांची एक नवी वस्तीच झाली म्हणे.

कामाची रीत अशी होती, की गावागणिक टोळी पाडलेली. प्रत्येक टोळीला खणायला जागा आखून दिलेली. पुरुषांनी टिकावानं खणायचं, बायकांनी पाटीत माती भरून पाळीवर नेऊन टाकायची. आता कुठल्या टोळीनं किती खणलं हे कळणार कसं? माती तर पाळीत मिसळून गेली. त्यासाठी खड्ड्याच्या मधोमध जमिनीचा एक खांब तसाच सोडायचा. त्याच्या माथ्याला टिकाव लावायचा नाही. माथ्यावर मूळची जमीन, मूळचं गवत. खड्डा जितका खोल जाईल तितका खांब उंच दिसेल. मोजणीवाला यायचा, खांबाला काठी लावायचा आणि त्यावर दाण्यांचं माप ठरायचं. या खांबाला साक्षी म्हणतात. आम्ही रोजगार हमीच्या कामावर जात होतो तेव्हाही असे साक्षी सोडत होतो. सगळी मोजणी संपली की साक्षी पाडायचा आणि त्याचीही माती पाळीवर न्यायची.

इतर टोळ्यांना तो नुसता मातीचा खुंट होता. पण उंबरदऱ्याची माणसं पहिल्यापासून जरा तिरपी. साक्षी म्हटल्यावर यांच्या मनात आलं, की साक्ष देणारा तो, मग त्याला शपथ नको का घालायला? पंचायतीत घालतात तशी? आणि शपथ घालायची तर ती कुणीतरी घालायची, आणि जो घालील त्यानंही त्याच्यासमोर कधी खोटं बोलायचं नाही. त्याशिवाय शपथ बसणार कशी?

झालं. मग कुणी पुढं येईना. गेनू म्हणून टोळीचा मुकादम होता, गावातलाच. तो म्हणाला, "माझ्यामागं दहा भानगडी, मला कुठं झेपतंय." बायका म्हणाल्या, आम्हांला सासवा आहेत. सासवा म्हणाल्या, आम्हांला सुना आहेत.

तेव्हा बयजा उठली. तिचा नवरा त्याच दुष्काळात गेलेला होता. अंगावर पिणारी एक लेक, तेवढंच तिचं घर. विधवेनं असल्या कामात पुढं यावं का, असं कुणीतरी पुटपुटलं. बयजा म्हणाली, "म्या घालते शपथ. मला खोटं बोलाया घरात मानूस ऱ्हायलंय कुठं? ही पोर, तर तिला अजून बोलता येत न्हाई."

हळदकुंकू नव्हतंच. तिनं ओल्या मातीचं बोट साक्षीला लावलं आणि म्हणाली, "तू खरं तेच सांग. म्या बी तुझ्याम्होरं खरंच सांगीन." त्या दिवसापासून रीत पडली, की काम सुटलं की टोळीतल्या प्रत्येकानं साक्षीच्या माथ्यावर हात ठेवून वाकून पाया पडायचं आणि मग दाण्यांच्या रांगेत उभं राहायचं. लेकीला पाजायला म्हणून बयजा खांबाच्या सावलीत बसायची, ती सगळ्यांचं पाया पडणं बघायची. तिला वाटायचं, दुष्काळानं माणसं देवभोळी झाली.

काही दिवस बरे गेले. मग खड्ड्यात मुरूम लागला. शेजारच्या टोळ्यांना काळी माती लागली होती, लोण्यासारखी. उंबरदऱ्याच्या वाट्याला आला तो मुरूम असा, की टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. पण माप सगळ्यांना एकच. खड्डा खोल गेला नाही की दाणे अर्धे. अर्ध्या दाण्यांवर खणणाऱ्याचा जोर अर्धा, म्हणून दुसऱ्या दिवशी खड्डा आणखी कमी, म्हणून दाणे आणखी कमी. म्हातारी माणसं पाटी उचलताना बसायला लागली. बयजाचं दूध आटलं. पोर रडायची, पुढं पुढं तर रडायचीही बंद झाली. नुसती बघत राहायची.

आणि मग नवल घडायला लागलं.

मोजणीवाल्यानं काठी लावली तर खांब पुरता उंच भरला. दाणे पुरे मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशीही. टोळीत कुणी काही विचारलं नाही. भुकेल्या माणसानं ताट समोर आल्यावर स्वयंपाक कुणी केला हे विचारल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही. पण बयजानं विचारलं. दिवसभर आपण किती कमी पाट्या वाहिल्या हे तिच्या मानेला ठाऊक होतं. माती एवढीशी निघाली आणि खांब मात्र उंच झाला, हे कसं? ती गेनूला म्हणाली, "मुकादम, ह्यो खांब वाढतोय."

गेनू म्हणाला, "वाढतोय तर वाढू दे की. तुला दाने टोचाय लागले व्हय?"

बायकांना विषयच मिळाला. "बयजे, पोरीचं दूध साक्षीला पाजतीस काय गं?" "आगं, त्याचं बारसं कवा हाय? आमाला घुगऱ्या तरी दे." बयजा चिडायची. "हसा. म्या डोळ्यांनी बघतीया. काल माझ्या हनवटीला व्हता, आज नाकाला हाय." कुणी खरं मानलं नाही. खरं म्हणजे कुणी तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही, पण ते तिला तेव्हा उमगलं नाही.

मोजणीवाला लांबचा होता, समुद्राकडचा. माणूस वाईट नव्हता असं आमच्याकडं सांगतात. एक दिवस काठी लावता लावता त्याची नजर खांबाच्या माथ्यावर गेली. सगळ्या टोळ्यांच्या साक्षींवर वाळकी हराळी दिसत होती. उंबरदऱ्याच्या साक्षीला केसच नव्हते. तो दगडावर पाय देऊन वर चढला, बोटानं माती उकरली. भुसभुशीत. आणखी उकरली. वीतभर खाली त्याला हराळी लागली.

खाली उतरून त्यानं हात झटकले. टोळी गोळा झाली.

"साक्षीवर माती चढवली आहे," तो म्हणाला. "कुणी?"

माणसं पायाखालचा मुरूम बघायला लागली.

"हे बघा, उद्या मोठे साहेब फिरतीवर येणार आहेत. ते खांब बघणार. मी गप्प राहिलो तर माझी नोकरी जाईल आणि तुमची टोळीही जाईल. मला एक नाव द्या. ज्यानं चढवली त्याला मी कामावरून काढतो, बाकीचे राहा. नाव नसेल तर आज संध्याकाळपासून सगळी टोळी बंद."

तेव्हा कामावरून काढणं म्हणजे काय, हे आता सांगून कळायचं नाही. दुसरं काम कुठं आहे ते चालत शोधायचं, आणि चालायला अंगात जीव नाही. नाव द्यायचं म्हणजे एक माणूस द्यायचं.

सगळ्यांच्या माना हळूहळू बयजाकडं वळल्या. खांबाशी रोज तीच तर बसायची. नवरा नाही, दीर नाही, तिच्या बाजूनं तोंड उघडणारं कुणी नाही. गेनू घसा खाकरून म्हणाला, "बयजा, तू तर हितंच असतीस."

"म्या न्हाई चढवली."

"मंग कुनी?"

"कुनीच न्हाई. तो वाढतोय. किती येळा सांगितलं."

आता कुणी हसलं नाही. एक जण ओरडला, "शपथ घालून बसलीस अन् त्याच्याच म्होरं खोटं बोलतीस? सायेब, हिनंच चढवली. लिहून घ्या बयजाचं नाव."

बयजानं लेकीला खाली चुंबळीच्या फडक्यावर निजवलं आणि पदर खोचला. "बरं," ती म्हणाली. "द्या माझं नाव. पर त्याच्या आधी एकेकानं म्होरं यायचं, साक्षीला हात लावायचा अन् म्हनायचं, म्या माती चढवली न्हाई. समद्यांचं म्हनून झालं की म्या पोर उचलून चालाय लागते. ये, मुकादम. तूच ये पयला."

गेनू जागचा हलला नाही. त्याच्या मागचाही हलला नाही. एवढी माणसं उभी, पण हात लांब करायला एकही तयार होईना. मोजणीवाला एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

शेवटी गेनूची म्हातारी आई पुढं आली. तिचं नाव भिवरा. दिसायचं कमी, म्हणून हात पुढं करून चाचपडत आली. साक्षीला हात लागला तशी ती तिथंच बसली.

"म्या घातली," ती म्हणाली. "एकच मूठ. सांजच्याला पाया पडताना. मला वाटलं, एका मुठीनं काय व्हतंय. नातवाच्या वाटचे चार दाने वाढतील. रोज एक मूठ."

मग दुसरी एक बाई पुढं आली. "म्या बी. एकच." मग तिचा दीर. मग ओरडणारा तो, ज्यानं बयजाचं नाव घ्यायला सांगितलं होतं. एकेक जण येई, हात लावी, आणि मान खाली घालून तेच सांगे. एकच मूठ. मला वाटलं मी एकटाच. मला वाटलं एका मुठीनं काय कळतंय. कुणालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. नवऱ्याला बायकोचं ठाऊक नव्हतं. झाकलेली मूठ घेऊन सगळी टोळी रोज भक्तीनं वाकत होती, आणि ती भक्ती वीतभर उंच झाली होती.

गेनू सगळ्यांच्या शेवटी आला. म्हणाला, "म्या दोन."

म्हातारीनं तिथं बसल्या बसल्याच त्याला शिवी हासडली, असं सांगतात. ती शिवी मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही.

मोजणीवाल्यानं टोपी काढून घाम पुसला. मग बयजाला म्हणाला, "बाई, तू एकटीच खरी निघालीस. तू राहा. तुला शेजारच्या टोळीत घालतो. बाकीची सगळी टोळी बंद."

माझी आजेसासू या ठिकाणी गोष्ट थांबवायची आणि समोरच्याला विचारायची, "तू काय केलं असतंस गं?" मीही पाहुण्यांना विचारते. बहुतेक जण मोठं मोठं बोलतात. मी आपलं खरं सांगते, मी शेजारच्या टोळीत गेले असते. तिथं काळी माती होती. पोर जगली असती. आणि ज्यांनी घटकाभरापूर्वी मला खोटारडी ठरवून उपाशी मरायला धाडलं होतं, त्यांच्याकडं मी वळूनसुद्धा बघितलं नसतं.

बयजानंही पोर उचलली. दोन पावलं टाकली. मग थांबली. ती कुणाकडं बघत होती यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. कुणी म्हणतं भिवरा म्हातारीकडं, कुणी म्हणतं साक्षीकडं. मला वाटतं ती ओढ्याकडं बघत असावी. ओढ्याच्या काठाला तेव्हा एक जुना उंबर होता. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड. ती आमची देवी, तेव्हा ती तिथं खाली होती.

बयजा वळली आणि म्हणाली, "सायेब, तुमाला नाव पायजे नव्हं? चुकलं माझं. म्या बघितली व्हती माती चढवताना. उंबराईनं चढवली."

टोळीतल्या खाली घातलेल्या माना एकदम वर झाल्या.

"कोण उंबराई?" मोजणीवाल्यानं विचारलं.

"आमच्याच गावची हाय. त्या उंबराखाली असती. समद्यांच्या आधी कामावर येती, समद्यांच्या मागनं जाती."

"आणि हे सगळे म्हणतात ते? एकेक मूठ?"

"त्येंचं काय घिऊन बसलासा. ही तिचीच पोरं. तिला लई पोरं हायेत सायेब, अन् समदी उपाशी. आई हाय ती. चढवली तिनं पोरांच्या हातानं."

मोजणीवाल्यानं बयजाकडं बघितलं. मग उंबराकडं बघितलं. तिथं माणूस नव्हतं, ते त्याला दिसत असणारच. पण तो एवढंच म्हणाला, "मग उंबराईला कामावरून काढलं. दवंडी द्या. आणि उद्यापासून ती या कामाच्या हद्दीत दिसता कामा नये."

दवंडी द्यायला सटवा होता, उंबरदऱ्याचाच. त्याची हलगी देवीच्या जत्रेत वाजायची, त्याच हलगीवर त्याला आता हे वाजवायचं होतं. तो पाळीवर चढला आणि ओरडला, "ऐका हो ऐका! उंबरदऱ्याची उंबराई, तिनं साक्षीवर माती चढवली म्हनून आजपास्नं तिला कामावरनं काढली हो! हद्दीत पाऊल ठेवायचं न्हाई हो!" शेजारच्या टोळ्यांनी टिकाव थांबवून ऐकलं. आमच्या बायकांनी तोंडात पदर कोंबला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं.

आणि मग त्यांना खरंच ती हलवावी लागली. मोठे साहेब येणार, हद्दीत दिसता कामा नये. टोळीनं तांदळा उचलला, आळीपाळीनं खांद्यावर घेतला आणि टेकडीवर नेला. आमच्या शेजारच्या चिंचखोरीचे लोक इथं नाक मुरडतात. म्हणतात, उंबर असाही तळ्यात बुडणारच होता, देवी हलवायचीच होती, तुम्ही निमित्त केलं. चिंचखोरीची टोळी त्या दिवशी काळ्या मातीत उभी राहून पुरे दाणे खात होती, त्यांनी जास्त बोलू नये. वर नेल्यावर तोंड कुणीकडं करायचं हा प्रश्न आला. तेव्हा भिवरा म्हातारी म्हणाली, "डाग आपून लावलाय तिच्या नावाला. तिनं आपल्याकडं बघावं असं तोंड हाय का आपल्याला?" म्हणून तिला डोंगराकडं तोंड करून बसवली. त्या पाठीची गोष्ट एवढी आहे.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, त्यांनी कामावरून काढलेल्या बाईचं नाव वाचलं आणि पुढं गेले. मग मोजणीवाल्यानं टोळीला नवी जागा आखून दिली, मऊ मातीची. हे त्याला आधी का सुचलं नाही, देव जाणे. पण टोळीतलं एक माणूस कमी झालं म्हणून दाण्यांचं एक माप मात्र त्यानं कमी केलं, आणि ते काम संपेपर्यंत कमीच राहिलं. जी कधी दाणे घेतच नव्हती तिचे दाणे बंद झाले, आणि ती तूट सगळ्यांनी मिळून भरून काढली. कुणी कुरकुर केली नाही म्हणे. बयजाची पोर वाचली. तिचा वंश अजून गावात आहे.

तळ्याचं काम संपत आलं तेव्हा मुरमाच्या खड्ड्यातला तो जुना साक्षी पाडायला माणसं गेली. बयजा आडवी आली. म्हणाली, "ह्याला म्या शपथ घातली व्हती. अन् ह्याच्याच म्होरं देवीवर खोटा आळ घेतला. ह्यानं मला बघत ऱ्हायाचं. पाडायचा न्हाई." गेनूनं समजावलं, की बाई, पाण्यात दोन दिवसांत विरघळून जाईल, कशाला हट्ट करतीस. ती म्हणाली, "मंग पाण्याला पाडू दे. तुमी हात लावू नका." ठेवला तसाच.

तळं भरलं. खांब पाण्यात गेला आणि सगळे विसरून गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा लोकांनी बघितलं तर खांब उभा. मुठी-मुठीनं चढवलेली ती चोरीची माती फोडून खालची हराळी वर आलेली, माथा हिरवागार, आणि मुळ्या चारी बाजूंनी जटांसारख्या खाली उतरून मातीला धरून बसलेल्या. हराळी मरत नाही हे कुणाही शेतकऱ्याला विचारा. गाडली की ती वरची माती आपली करून घेते. वीतभर माती चढली होती, आता खांब वीतभर उंच झाला तो झालाच. सगळा गाव काठावर उभा असताना बयजा म्हणाली, "म्हनलं व्हतं ना तुमाला? वाढतोय." त्या दिवशी मात्र तिला कुणी खोटारडी म्हटलं नाही.

आणि त्या मोजणीवाल्याचं काय? चिंचखोरीवाले म्हणतात त्याला आम्ही फसवलं. मला ते पटत नाही. असं सांगतात, की काम संपून कितीतरी दिवसांनी तो एकदा आला होता. कुणाशी बोलला नाही. पाळीवरून चालत आला, खांब बघितला आणि टेकडी चढून गेला. गुरं राखणाऱ्यांनी त्याला वर जाताना बघितलं. त्यानं वहाणा खालीच काढून ठेवल्या होत्या. कामावरून काढलेल्या बाईला भेटायला कुणी अनवाणी जातं का, तुम्हीच सांगा.

आजही आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तळं आटलेलं असतं तेव्हा, आमचा सगळा गाव साक्षीपाशी जातो. आधी टेकडीवर जाऊन घरटी मूठभर दाणे उंबराईपुढं ठेवायचे, कारण तिचे दाणे आमच्यापायी बंद झाले. मग खाली यायचं. प्रत्येकाच्या मुठीत आपल्या दारातली माती असते. मूठ झाकलेली ठेवायची, शेजाऱ्याच्या मुठीकडं बघायचं नाही, आपण एकटेच आहोत असं समजून पुढं व्हायचं, वाकायचं आणि मूठ सोडायची. मुंबईपुण्याला गेलेले येतात, सरपंच येतो, शाळेचे मास्तर येतात, सगळे तसेच वाकतात. एकीला मात्र मूठ सोडायची नसते. दर वर्षी एका बाईला बयजाचा मान असतो. तिनं साक्षीशेजारी बसून नुसतं बघायचं, आणि शेवटी उठून सांगायचं, "तो आपोआप वाढतोय." असं म्हटलं की बायापोरं तिला घेरून ओरडतात, "खोटारडी! खोटारडी!" मला हा मान मिळाला आहे. त्या ओरड्यात उभं राहायला छाती लागते.

मग हलगी कडाडते. सटव्याच्या घरातलाच कुणीतरी पाळीवर चढतो. सगळे हात झटकतात, पण बोटांना लागलेली माती निघत नाही. तो वरून विचारतो, "साक्षीवर माती चढवली कुनी?" आणि मातीनं माखलेल्या हातांचा आमचा सगळा गाव, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, टेकडीवरच्या त्या पाठीकडं हात जोडून एका आवाजात नाव घेतो, उंबराई!